सुईचा संशय

"खरं सांगा वन्सं, त्या सुईत काय होतं?" जास्वंदीसारखे लाल डोळे किलकिले करून भावजयीनं विचारलं. लस नर्स असलेल्या नणंदेनंच टोचली होती.

"गावाला दिली तीच."

तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त, लघवी तपासली. "डोळ्यांसारखीच मूत्रपिंडांनाही सूज आहे. कुंपणानंच शेत खावं, तशी शरीराची राखण करणारी शक्तीच उलटलीय. लसीनंतर असं क्वचित होतं. लसीमुळेच झालं, हे ठाम सांगता येत नाही. औषधानं उतरेल."

भावजय नणंदेकडेच पाहत राहिली.

घरी नवरा तिच्या डोळ्यांत थेंब घालू लागला. नणंद उंबऱ्याबाहेरच थांबली.

"यांचा हात थरथरतो. वन्सं, तुम्हीच घाला. पण आधी बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचा."

नणंदेनं वाचलं. तिच्या मांडीवर डोकं टेकून भावजयीनं डोळा उघडला.

"हात हलला तर बघा हं!"