मस्कतचा पोलीस

बादल ट्रकमधून उतरला, पोलिसासमोर कमरेत वाकला आणि म्हणाला, "रामराम, साहेब."

"गेला!" देवसिंग ओरडला. "गेला जेलात! उतरला कायले, भिया? सांगतलं ना तुले, पोलिसानं थांबवलं की उतराचं नाही. तिकडं उतरलेला माणूस म्हणजे अंगावर आलेला माणूस. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, अन् चूप."

बादल गुपचूप पुन्हा ओसरीवर चढला आणि सीटवर बसला. सीट म्हणजे कापसाचा ढीग. दिवाळीपासून तो चांगल्या भावाची वाट पाहत ओसरीत पडला होता. भाव काही आला नाही, पण निदान बसायच्या कामी आला. स्टिअरिंग म्हणजे पितळी परात. पोलीस म्हणजे अंजू, बादलची बायको. सासरा समोर बसलेला असल्यामुळे पोलिसाने घुंगट घेतला होता.

उद्या सकाळी बादलला आर्णीहून नागपूरची बस धरायची होती. तिथून मुंबई, आणि मुंबईहून विमानाने मस्कत. दोन वर्षांचा करार. काम तेच, ट्रक चालवायचा.

देवसिंग त्याचा चुलतभाऊ. तांड्यातून मस्कतला जाऊन आलेला तो एकटाच. गेला होता दोन वर्षांसाठी. परत आला चौदा महिन्यांनी. त्यातले शेवटचे दोन महिने तुरुंगात. ट्रक थोडा जोरात गेला, एवढाच गुन्हा होता. दंड भरला असता तर सुटला असता. पण पोलिसाने लायसन्सचे पाकीट उघडले तेव्हा आत पाच रियालची घडी निघाली. ती घडी मात्र तिकडे मोठा गुन्हा ठरली. तांड्यात त्याला कुणी हसले नाही. जो नापास झाला त्यालाच पेपर ठाऊक, म्हणून त्याला मास्तर केले.

"ट्रकाले ऐंशी," मास्तर म्हणाले. "एक्याऐंशी नाही."

"आपला ट्रक ऐंशीनं जाते ना," बादल म्हणाला. "उतारावर."

"अन् पोलीस दिसला नाही म्हणून दाबाचं नाही. खांबावर डबा राह्यते. तो फोटो काढते."

बादलचा बाप धावजी खांबाला टेकून बिडी ओढत होता. त्याने बराच विचार केला.

"मंग डब्याले काय द्या लागते?"

"काहीच नाही, काका."

"घेतच नाही?"

"नाही."

"मंग त्याचं भागते कसं?" धावजी म्हणाला.

पुन्हा पहिल्यापासून. अंजू अंगणाच्या मधोमध उभी राहिली. ट्रक थांबला. बादलने नसलेली काच खाली केली, दोन्ही हात परातीवर ठेवले.

"लायसन," अंजू घुंगटातून म्हणाली.

बादलने लायसन्स दिले. आणि त्याचा डावा हात उठला, सदऱ्याच्या खिशात गेला, पन्नासाची घडी घेऊन बाहेर आला. बादल त्या हाताकडे बघतच राहिला. अकरा वर्षे हायवेवर ट्रक चालवला होता. हाताला काही सांगावे लागत नव्हते.

देवसिंगने त्या घडीकडे पाहिले आणि मान फिरवली.

"हेच," तो म्हणाला. "मी बी असाच पाह्यत होतो."

"खिसा शिवून टाका त्याचा," धावजी म्हणाला. म्हाताऱ्याने ते चिडून म्हटले होते. अंजू आत गेली आणि सुईदोरा घेऊन आली.

अंगावरचा कपडा शिवू नये, अपशकुन होतो. म्हणून तिने दोऱ्याचा एक तुकडा बादलच्या दातात दिला. मग त्याच्या छातीशी वाकून ती खिशाचे तोंड शिवू लागली. टाके बारीक आणि जवळजवळ घातले, काचकामाला घालतात तसे. सासऱ्यासमोर ती नवऱ्याच्या इतकी जवळ कधी उभी राहिली नव्हती. धावजी बिडी विझली तरी ओढत राहिला.

"बाकीचे सदरेही रातच्याला शिवतो," तिने दोरा तोडताना सांगितले.

तिसऱ्या वेळी हात उठला आणि टाक्यांना अडला. चौथ्या वेळी अर्ध्यातून परत फिरला. पाचव्या वेळी अंजू म्हणाली, "लायसन." बादलने ते दिले आणि हात परातीवर नेऊन ठेवला. दुसरा हात जागचा हललाच नाही. बादल समोर बघत बसला, दातात अजून दोऱ्याचा तुकडा.

"पास!" देवसिंगने मांडीवर थाप मारली. "जाते रे जाते भिया, दोन वर्सं आरामात जाते! आता एवढंच राह्यलं. पोलीस लायसन वापस देते अन् म्हणते, जा. त्यानं म्हटल्याबिगर गाडी हालवाची नाही. दे भाबी, अन् म्हण. जा म्हण."

अंजूने लायसन्स दिले नाही. घुंगट थोडा वर धरून ती त्यातला फोटो बघत होती. फोटो लग्नाच्या सालचा होता. मिशी नुकती फुटलेली, डोळे कॅमेऱ्याला घाबरलेले.

"म्हण ना, भाबी. ट्रक उभा हाय."

अंजूने वर पाहिले नाही.

"थांबा," ती म्हणाली. "तपासनी चालू हाय."