काजळलेली नळी

आमची सोळा वर्षांची मारिसेल शेफारली आहे. दुपारी गार तेरेरेचा, म्हणजे थंड पाण्यात भिजवलेल्या कडू पाल्याच्या पेयाचा, एकच शिंगाचा पेला, एकच चांदीची नळी घरभर फिरते. भरायचं धाकटीनं, म्हणजे हिनं; पहिलं पाणी संत तोमासच्या नावानं पाल्यात मुरू द्यायचं, पुढचं भरणारीनं प्यायचं. ही तीन दिवस तोंडच लावत नाही. “सगळं संतालाच पाजतेस का गं, साध्वीबाई?” मी विचारलं. “तहान नाही, आई,” ती तोंड फिरवून म्हणाली. मी घोट घेतला तर जळका वास आला. नळी उपसली, टोकाला काजळी होती. तिची हनुवटी वळवली. ओठावर फोड दिसला. नळीतून नशा ओढणाऱ्यांचे ओठ असेच भाजतात. शेजारच्या रामोनाची थोरली त्यातच मेली. मी हात उगारला. मग त्याच हातानं नळी घासली, पेला भरून तिच्यापुढे धरला. “नळी टाकणार नाही, तुलाही नाही. पी आधी. शिव्या दवाखान्याच्या वाटेवर घालीन.”