पेट्रॉकचं नाव

“पाद्रीबाबांकडे देऊन टाका ना तो कागद,” लव्हडे ट्रेम्बाथ तिसऱ्यांदा म्हणाली. “कुणाला काही वाटणार नाही.”

“नावं वाचायला मला बोलावलंय,” हॅल्स्टन साहेब म्हणाले. कागदाची घडी त्यांनी कोटाच्या खिशात सरकवली आणि धक्क्याकडे चालायला लागले.

लव्हडे मागून निघाली. आमंत्रण तिनंच दिलं होतं. तेव्हा साहेब नुकतेच विरोधी पक्षनेते झाले होते आणि पक्षाच्या या किनाऱ्यावरच्या शाखेची अध्यक्ष म्हणून तिची छाती फुगली होती. आता सहा महिन्यांत त्यांची पार रया गेली होती. साहेब बोलताना अडखळायचे. विशेषतः ‘प’ आला की गाडी अडलीच. म्हणून ते ‘पंतप्रधान’ म्हणायचं टाळून ‘सरकारचे प्रमुख’ म्हणायचे, ‘पेन्शन’ला ‘म्हातारपणची मिळकत’ म्हणायचे. वर्तमानपत्रांनी ते हेरलं आणि शब्दालाही घाबरणारा भित्रा म्हणून त्यांची थट्टा सुरू झाली. संसदेत ते थांबले की समोरच्या बाकांवरून मोठ्यानं आकडे मोजले जायचे. जनमत चाचण्यांत त्यांच्याइतकं खाली आजवर कुणी गेलं नव्हतं.

आज दुपारी बारापर्यंत पक्षाच्या नऊ शाखाध्यक्षांच्या सहीचं पत्र लंडनला जाणार होतं. साहेबांनी पायउतार व्हावं, एवढीच मागणी. पाचवी सही लव्हडेची होती.

धक्क्यावर सगळं पोर्थमेलिन गाव लोटलं होतं. फेब्रुवारीचा वारा तोंडावर खारं पाणी उडवत होता. मासळीवाला डेन्झिल कार्न तिला बघून डोळा मारत म्हणाला, “काय लव्हडेबाई, हा गडी देश चालवणार? अहो, हा युद्ध पुकारेपर्यंत शत्रू घरी जाऊन जेवून येईल!”

आजूबाजूचे हसले. लव्हडेही हसली आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटली.

गेल्या वर्षी याच दिवशी गावची एक मासेमारी बोट वादळात बुडाली होती. सहा माणसं गेली. पाच जणांचे देह मिळाले. सहाव्याचा, पेट्रॉक लँडरीचा, मिळाला नाही. नव्या दगडी पाटीवर त्याचं नाव सर्वांत खाली कोरलं होतं. पाटीसमोर पहिल्या खुर्चीत त्याची आई केरेन्सा बसली होती, हातमोजे न घालता, हात मांडीवर ठेवून.

साहेब पुढे झाले. मागे टीव्हीचे तीन कॅमेरे वळले.

“जेगो रोस्केली.” नीट गेलं. “सायलस हॉकिन.” तेही गेलं. मॅथ्यू आणि मर्व्हिन या आंग्व भावांची नावंही नीट गेली. पाचवा टोबायस रो. आता पेट्रॉकचा ‘प’ येणार होता.

साहेबांनी ओठ मिटले, आणि ते मिटलेलेच राहिले.

गळ्याच्या शिरा वर आल्या. हनुवटी थरथरली. एक क्षण गेला, दुसरा गेला. कॅमेरावाल्यांपैकी एकानं चेहरा जवळून घ्यायला भिंग फिरवलं. मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि गप्प झालं. इतर वेळी साहेब इथे दुसरा शब्द शोधायचे, हे लव्हडेला ठाऊक होतं. पण नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? आडनाव तेवढं घेऊन मोकळं होता आलं असतं. खोकल्याचं निमित्त करता आलं असतं. साहेबांनी यातलं काहीच केलं नाही. मानही खाली घातली नाही. ते केरेन्साकडे बघत राहिले आणि त्या एका अक्षराशी झुंजत राहिले.

लव्हडेला राहवेना. कानात नाव सांगून सुटका करावी म्हणून ती पुढे झाली. केरेन्सानं बसल्या जागेवरून तिचं मनगट धरलं.

“थांब,” ती म्हणाली. “त्यांनाच म्हणू दे.”

डोलकाठ्यांवर दोऱ्या आपटत होत्या, तेवढंच ऐकू येत होतं. चारशे माणसं त्या एका माणसाच्या ओठांकडे बघत होती आणि नकळत त्यांचेही ओठ मिटले होते. डेन्झिलनं टोपी काढून छातीशी धरली होती. या माणसाला भित्रा म्हणून आपण सही केली? सगळा देश हसायला टपलेला असताना हा उभा आहे, आणि हलत नाही.

“पेट्रॉक,” साहेब म्हणाले. स्पष्ट, खणखणीत. “पेट्रॉक लँडरी.”

पुढे चित्रफितीवर मोजलं गेलं तेव्हा कळलं, मध्ये एक मिनिट बावीस सेकंद गेले होते.

टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं नुसती उभी होती, प्रार्थनेनंतर उभी राहतात तशी.

लव्हडेचा फोन वाजला. शेजारच्या मतदारसंघातली शाखाध्यक्ष विनिफ्रेड होती. “अगं, बघितलंस ना? संपला तो. पत्र धाडते आता.”

“माझं नाव काढ त्यातून.”

“वेड लागलंय का तुला? अख्ख्या देशानं बघितलं!”

“मीही बघितलं,” लव्हडे म्हणाली आणि फोन बंद केला.

गर्दी पांगायला लागली तेव्हा साहेब केरेन्सापुढे येऊन उभे राहिले. चेहरा घामेजला होता. “बाई, माफ करा मला,” ते म्हणाले. “तुमच्या मुलाच्या नावाला मी फार वेळ लावला.”

केरेन्सानं त्यांचा हात आपल्या दोन्ही गार हातांत घेतला.

“वर्षभर मी एकटीच त्याची वाट बघत होते, साहेब,” ती म्हणाली. “आज सगळ्या गावानं बघितली.”