दोनच कंपन्या

भाऊ-बहिणीचं बोलणं घराच्या वाटणीवरून तुटलं होतं, पण रविवारचा ऑनलाइन गेम तुटला नव्हता. दोघं आपापल्या शहरातून एकाच संघात खेळायचे. हेडफोनवर "डावीकडे बघ", "आलो", यापलीकडे चकार शब्द नाही. आणि ऐन शनिवारी तिच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळलं; त्याशिवाय गेम चालणारच नव्हता.

दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून ती उडालीच. "अहो, मागे निम्म्यात मिळत होतं!"

"तेव्हाच घ्यायचं होतं, मॅडम."

"मग दुसऱ्या कंपनीचं दाखवा."

"दाखवतो की. पण पहिलीने भाव चढवला की दुसरीही चढवते. तिसरी आहेच कुठे?"

"म्हणजे गिऱ्हाइकाने करायचं काय?"

"थांबायचं. पण थांबलात तर आणखी वाढेल."

ती तणतणत बाहेर पडली. राग कुणापुढे तरी ओकायलाच हवा होता, आणि त्यातलं अक्षरन् अक्षर कळेल असं माणूस एकच होतं. तिने फुटपाथवरूनच भावाला फोन लावला आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता दोन्ही कंपन्यांचा उद्धार केला.

पलीकडे तो हसत सुटला. "लूट आहे नुसती, ताई. माझं कार्ड तर उन्हाळ्यातच गेलं. परवडतंय कुणाला नवीन?"

"मग दर रविवारी खेळतोस कशावर?"

"मित्राकडे जातो, दोन बस बदलून. नाहीतर तुझा आवाज कुठे ऐकायला मिळणार होता?"