गळ्यातला उजेड

पडद्यावर आजोबांचा गळा काळाकुट्ट होता.

संशोधक बाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी वर्षानुवर्षं खपून बनवलेलं, स्कॅनमध्ये कॅन्सर उजळून दाखवणारं औषध आज पहिल्यांदा माणसाच्या अंगात गेलं होतं. आणि पहिल्याच घासाला खडा? जुन्या औषधाच्या तपासणीत हाच गळा दोन्ही बाजूंनी पेटलेला दिसला होता. त्यावरूनच सर्जननी उद्या गळ्याचं ऑपरेशन ठरवलं होतं. आवाज राहील याची हमी काही त्यांनी दिली नव्हती. आजोबांचा धंदा लिलाव पुकारण्याचा. त्यांचा सगळा संसार त्या आवाजावर उभा राहिला होता.

नवं औषध कॅन्सरच्या गाठीला चिकटतं आणि सुजेलाही. मग आपलं औषध आंधळं निघालं की काय? बाईंनी चित्र खाली सरकवलं. आजोबांचा सुजलेला गुडघा लख्ख चमकत होता. म्हणजे औषधाला व्यवस्थित दिसत होतं. आता त्यांना भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त छळू लागली. गळ्यात गाठ नाही, सूजही नाही, मग त्या दिवशी तिथे पेटलं काय?

जुनं औषध साखरेचं. जो स्नायू राबतो, त्याच्याकडे ते धाव घेतं. म्हणून तर ते टोचल्यावर तासभर तोंड मिटून पडून राहायचं असतं.

बाई तडक बाहेर आल्या. आजोबा आणि आजी बाकावर बसले होते.

"आजोबा, मागच्या वेळी इंजेक्शन दिल्यावर गप्प पडून होतात ना? खरं सांगा, म्हणजे उद्याचं ऑपरेशन थांबवायला सर्जनना सांगता येईल."

"हे आणि गप्प?" आजी म्हणाल्या. "झोपेतसुद्धा एक वार, दोन वार चाललेलं असतं. पण त्या दिवशी खोलीत एकटेच होते हो. बोलणार कोणाशी?"

आजोबा चोरी पकडल्यासारखे खाली बघू लागले.

"नर्सबाईंनी बजावलं होतं," ते पुटपुटले. "म्हणून पांघरुणात तोंड घालून बोलत होतो. फोनमध्ये."

"तासभर? कोणाला फोन लावला होतात?" बाईंनी विचारलं.

"लावला नव्हता, रेकॉर्ड करत होतो. लेकीला दिवस गेलेत. आवाज बसला तेव्हा वाटलं, आता हा जाणारच. म्हटलं, आहे तोवर बाळासाठी गोष्टी तरी सांगून ठेवू."