डावा गुडघा

"हाच ना?" वस्तादांनी विचारलं.

"हो," कुराशिओ म्हणाला, आणि मग त्याने खाली पाहिलं. वस्तादांचा हात त्याच्या डाव्या गुडघ्यावर होता. दुखत होता उजवा.

पण सुमोच्या तालमीत "हो" म्हणजे होकार नसतो. "हो" म्हणजे ऐकलं. वस्तादांनी भात वाढ म्हटलं तरी हो, गाढवा म्हटलं तरी हो. मिसरूड फुटायच्या आधी कुराशिओ तालमीत आला, तेव्हापासून वस्तादांसमोर त्याच्या तोंडून दुसरा शब्द क्वचितच निघाला होता. तो आजच कुठून निघणार?

वस्तादांनी गुडघा स्पिरिटने पुसला. पट्टीची टोकं कात्रीने गोल केली, म्हणजे ती घामाने उचकटत नाहीत. मग पाय अर्धा वाकवून त्यांनी वाटीच्या खालून पट्टी ताणून घेतली. हात अजून पूर्वीसारखाच सफाईदार होता. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीची पट्टी ते स्वतःच लावत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांची बायको, म्हणजे सगळ्या तालमीच्या मालकीणबाई, ओकामीसान, शेजारी बसून पट्ट्या कापून देत होत्या. दुसरी पट्टी देताना त्या जराशा थांबल्या. मग त्यांनी ती दिली.

"घट्ट होतंय?" वस्तादांनी विचारलं.

"हो."

"होऊ दे."

नागोयातला जुलै होता, बसल्या जागी घामाच्या धारा लागत होत्या. या स्पर्धेत कुराशिओने जितक्या कुस्त्या जिंकल्या तितक्याच हरल्या होत्या. आजची जिंकली तर वरच्या वर्गात टिकला. हरला तर खाली उतरायचं, स्वतःची खोली सोडायची, रेशमी लंगोट उतरवायचा आणि या वयात पुन्हा दुसऱ्यांच्या पाठी चोळायच्या. तसं झालं तर कुस्तीच सोडायची, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यात काल आखाड्याच्या उंच कडेवरून तो खाली कोसळला आणि गुडघा गेला. कोसळताना सगळ्यांनी पाहिलं, पण गुडघा कुठला ते कुणाला कळलं नाही. दात आवळून तो सरळ चालत आत गेला होता.

स्पर्धेला जाताना टॅक्सीत त्याचं डोकं चालेना. काल संध्याकाळी याच वस्तादांनी उजवा गुडघा दाबून पाहिला होता, बर्फही उजव्यालाच लावला होता. मग एका रात्रीत ते विसरतील कसे? म्हणजे हा डाव असणार. समोरचा पट्टी बघेल, धडधाकट पायावर जोर लावील आणि फसेल. वस्ताद तरुणपणी एक नंबरचे कावेबाज म्हणून नावाजलेले होते. पण मग "हाच ना?" असं विचारलं कशाला? आणि ओकामीसान का थांबल्या? मध्यंतरी वस्तादांनी त्याला भलत्याच नावाने हाक मारली होती. कधीच तालीम सोडून गेलेल्या कुणाचं तरी नाव होतं ते. पण म्हाताऱ्या माणसांचं तसं होतंच.

कपडे बदलायच्या खोलीत तो नख पट्टीच्या कडेखाली घालून बसला. सोडावी आणि उजव्याला लावावी? पण वस्तादांच्या हातची पट्टी सोडायची कशी? त्याला भीती वाटत होती. हरण्याची जास्त की वस्तादांची, ते त्याचं त्याला कळत नव्हतं. एकदा तर आपला नक्की कुठला गुडघा दुखतोय याचीच शंका आली, म्हणून उठून त्याने उजव्यावर भार टाकून पाहिला. गुडघ्याने लगेच उत्तर दिलं. कुराशिओ पट्टीला हात न लावता पुन्हा खाली बसला.

समोर आराहिबिकी होता, तरणाबांड आणि घाईचा. कुस्तीआधी रिवाजाप्रमाणे मिठाची मूठ उधळताना त्याची नजर पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली. दोघे भिडले. आराहिबिकीने लंगोट पकडला आणि सगळा भार कुराशिओच्या डाव्या बाजूला लोटला. डावा पाय हलला नाही. त्याने पुन्हा लोटलं. त्याच्या चेहऱ्यावर, हे काय भलतंच, असं आलं, आणि तेवढ्यात कुराशिओने डाव्या पायावर गिरकी घेऊन त्याला मातीत टाकलं.

मुक्कामी परतल्यावर कुराशिओ वस्तादांसमोर चटईला डोकं टेकून बसला.

"वस्ताद, तुमचा डाव मला उशिरा कळला. माफ करा."

"डाव कसला?" वस्तादांनी त्याचा डावा पाय मांडीवर ओढून घेतला आणि ते ओल्या टॉवेलने पट्टी भिजवून हळूहळू सोडवू लागले. "पट्टी नीट लावली की दुखरा गुडघासुद्धा खांबासारखा उभा राहतो. मी बघितलं ना टीव्हीवर. आणि हे बघ. काल भोपळ्याएवढा सुजला होता, आज सूज पार उतरली."

कुराशिओला कळलं, डाव नव्हताच. जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. वस्ताद त्या धडधाकट गुडघ्यावरून हात फिरवत होते, आणि त्यांच्या तोंडावरचं समाधान त्याला बघवेना.

"अजून दुखतोय?" त्यांनी विचारलं.

"थोडासा," कुराशिओ म्हणाला. "तुमची पट्टी होती म्हणून निभावलं."

वस्ताद खूश झाले. त्यांनी बर्फ आणायला सांगितलं. ओकामीसान बर्फाच्या पिशव्या घेऊन आल्या.

"दोन कशाला?" वस्तादांनी विचारलं.

"उकडतंय ना फार," त्या म्हणाल्या. एक पिशवी त्यांनी डाव्या गुडघ्यावर ठेवली, आणि दुसरी, कुराशिओकडे न बघता, उजव्यावर.