तांडेल निघाले

वादळ दुपारी किनाऱ्यावर आदळणार होतं, पण वाडीतलं एकही माणूस घर सोडेना. "जानू तांडेल हलले की आम्ही हलू," सगळ्यांचं एकच. आणि म्हातारे जानू तर ऐकायलाच तयार नव्हते. "मोडलं तर माझ्यासकट मोडूदे घर."

शेवटी त्यांची लेक दर्शना, गावची पोलीस पाटील, दाराला बाहेरून कडी घालून अंगणात आली. "बाबा पहाटेच वरच्या शाळेत गेले," तिने जमलेल्यांना सांगितलं. गावाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती.

तासाभरात वाडी रिकामी झाली. ती धावत घरी परतली तेव्हा अंगणात समुद्राचं पाणी शिरलं होतं. तिने कडी काढली, तर जानू काठी घेऊन दाराशीच उभे.

"आतून ऐकलं मी सगळं. चल बाय, गावासमोर तुला खोटी पाडू काय?"